बंबाचं डिझेल कोण भरतं?

आगीचा बंब शहराच्या पैशावर धावतो. ७४व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या कामांची यादी आहे. तिथे सातवं काम अग्निशमन सेवा. ग्रामपंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यांत आग कुठेच नाही. म्हणजे बंब ठेवायचा चंद्रपूर महापालिकेने, बल्लारपूर-गडचिरोलीच्या नगर परिषदांनी. नवी गाडी घ्यायला अनुदान मिळतं. केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आणली, त्यात महाराष्ट्रासारख्या राज्याने २५ टक्के वाटा घालायचा. पण रात्रपाळीचा ड्रायव्हर, डिझेल, फाटलेला होज पाइप हा रोजचा खर्च मुख्यतः मालमत्ता करावर येतो. बऱ्याच शहरांच्या टॅक्स बिलात ‘अग्निशमन कर’ अशी वेगळी ओळच असते.

आता बल्लारपूरच्या बल्लारशा स्टेशनवर उभे राहा. रूळ, गोदामं, क्वार्टर, सगळं केंद्र सरकारचं. घटनेच्या कलम २८५ प्रमाणे केंद्राच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला कर लावता येत नाही. कर नाही, पण सेवा आकार घेता येतो. राजकोट महापालिकेच्या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयासमोर ही वाट ठरली. समजा, एखाद्या रेल्वे इमारतीचा कर एक लाख झाला असता. पालिकेच्या सगळ्या सेवा घेतल्या तर ७५ हजार, थोड्याच घेतल्या तर ५० हजार, एकही घेतली नाही तरी ३३,३३३ रुपये. अडचण वसुलीची. हा आकार करारावर चालतो. थकला म्हणून जप्ती नाही, नळ तोडणं नाही. तुमच्या-माझ्या दारावर मात्र थकबाकीची नोटीस वेळेवर लागते.

कोळशाच्या खाणीचं तसं नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सने कोरब्याच्या प्रकरणात हाच बचाव केला होता: कंपनीचे सगळे शेअर्स केंद्राचे, म्हणून मालमत्ताही केंद्राची. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कंपनी वेगळी, सरकार वेगळं. त्यामुळे भद्रावतीच्या आयुध निर्माणीकडे आता नव्याने पाहावं लागेल, कारण ऑक्टोबर २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया या कंपनीकडे आहे. जमीन-इमारती कागदोपत्री नेमक्या कोणाच्या, यावर कराचं उत्तर ठरेल.

राज्य सरकारच्या इमारतींना पालिका कायद्यात सवलत आहे, पण निव्वळ सार्वजनिक कामासाठी वापरल्या तरच. नफ्यासाठी वापर असेल तर नाही. बल्लारशाच्या डेपोतून राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं, ते वनविकास महामंडळाने विकलेलं. महामंडळ ही कंपनीच आहे. लाकडाच्या थप्प्यांइतकी आगीला सोयीची जागा दुसरी कोणती? माझ्या मते पालिकांनी आधी असल्या मालमत्तांच्या फायली उघडाव्यात, मग घरमालकांचा दर वाढवावा.

शहराची हद्द संपली की हिशेबच बदलतो. गडचिरोली जिल्ह्याचा तीन-चतुर्थांश भाग जंगल. त्यावर घरपट्टी कसली? वणव्यासाठी वनविभागाची वेगळी तरतूद असते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढायच्या, हंगामी मजूर नेमायचे; उपग्रहाला आग दिसली की मोबाइलवर संदेश येतो. मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत म्हणून झाडाखाली काडी लावतात, आणि राख निवण्याआधी माणूस टोपली घेऊन पुढच्या झाडाकडे गेलेला असतो. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ७९ नुसार जंगलातून माल नेण्याची मुभा असलेल्याने आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. बंब नसलेल्या गावाचा कर हा असा, ओल्या फांदीने झोडपून भरायचा.

मात्र त्याच गावात तणसाचा ढीग पेटला तर गाडी तालुक्याच्या नगरपंचायतीकडूनच मागवावी लागते, आणि हद्दीबाहेर गेल्याचं शुल्क सहसा लागतं. इथे जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा कामी येऊ शकतो. चंद्रपूरचा कोळसा, सुरजागडचं लोहखनिज यांवर रॉयल्टीखेरीज तिच्या १० किंवा ३० टक्के रक्कम त्यात जमा होते. १२ जानेवारी २०१५ आधीच्या खाणपट्ट्यांना ३०. त्यातून पाच-सहा गावांत मिळून ट्रॅक्टरवरचा पंप-टँकर उभा राहील. तो चालवणाऱ्याचा पगार कोणत्या खात्यातून, हे खरेदीच्या ठरावातच लिहून घ्यावं.