सांध्यांचे बळ: वीटकाम आणि गवंडी यांविषयीचे काही गैरसमज

वेल्हे परिसरातील कानद खोऱ्यात एका जुन्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीवर मी बोटाच्या पेराने टकटक केली, तेव्हा आतून पोकळ आवाज आला, आणि सिमेंटच्या गिलाव्याचा हातभर पापुद्रा सहज सुटून खाली पडल्यावर त्यामागची वीट बोटाने चोळताच पिठासारखी झडू लागली. त्याच घराची मागील भिंत, जिला पैशाच्या अभावी कोणी हात लावला नव्हता, ती मात्र जुन्या चुन्याच्या दर्जांसह, म्हणजे सांध्यांसह, निर्वेध उभी होती. "चांगले जाड सिमेंट लावले होते हो," असे घरमालक खिन्नपणे म्हणाले. हिरडस मावळ, रोहिड खोरे आणि गुंजण मावळ या साऱ्या मुलखांत, जेथे सह्याद्रीवरून उतरणारा पाऊस चार महिने भिंतींची परीक्षा पाहतो, तेथे अशा समजुतींची किंमत सामान्य गृहस्थाला आयुष्याच्या पुंजीतून मोजावी लागते. म्हणून त्यांपैकी काहींचा येथे क्रमशः परामर्श घेतो.

गैरसमज: सिमेंट जितके अधिक, तितकी भिंत भक्कम.

वस्तुस्थिती: विटेपेक्षा कठीण झालेला मसाला वाळताना आकसतो व तडकतो, आणि पाया किंचित खचला तर त्याचा ताण सांध्याऐवजी विटेवर येऊन वीटच फुटते, म्हणून साध्या भिंतीला एक भाग सिमेंट व सहा भाग वाळू हे प्रमाण सामान्यतः पुरेसे होते. जुन्या घरांची गोष्ट तर निराळीच आहे. घाण्यात मळलेला चुना हवेतील कर्बवायू शोषून सावकाश दगडासारखा होतो, तरीही भिंतीत शिरलेल्या ओलाव्याला बाहेर पडण्याची वाट तो मोकळी ठेवतो. त्यावर सिमेंटचा अभेद्य थर चढवला की ओल आत कोंडते आणि वीट कुजल्यासारखी झडते. पुण्याचा शनिवारवाडा 1732 साली पुरा झाला आणि 1828 च्या आगीत आतील प्रासाद नष्ट झाला, परंतु दगडी बैठकीवरील त्याचा चुन्यात बांधलेला विटांचा तट आजही उभा आहे. चुन्याच्या भिंतीची दुरुस्ती चुन्यानेच करावी, हा नियम यावरून ध्यानी यावा.

गैरसमज: लालबुंद दिसते ती वीट पक्की.

वस्तुस्थिती: रंग मातीतील लोहावर अवलंबून असतो, भाजणीची परीक्षा वेगळ्याच रीतीने करावी लागते. दोन विटा एकमेकींवर ठोकल्या असता खणखणीत नाद यावा, नखाने ओरखडा उमटू नये, आणि मोडलेल्या विटेचा गाभा सर्वत्र एकसारखा दिसावा. भारतीय मानकानुसार सामान्य विटेने चोवीस तास पाण्यात राहून आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांहून अधिक पाणी पिऊ नये; म्हणजे तीन किलोची कोरडी वीट भिजल्यावर तीन किलो सहाशे ग्रॅमपेक्षा जड भरू नये. विटेच्या पोटात चुनखडीचे पांढरे खडे असतील तर भिजल्यावर ते फुगून वीट उकलते; यासाठी ट्रक रिकामा करण्यापूर्वी चार विटा बादलीत टाकून पाहण्याची सवड अवश्य काढावी. आणि वीट कोरडीच लावू नये, कारण तहानलेली वीट मसाल्यातील पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो.

गैरसमज: पावसाळ्यात बांधले की पाणी मारण्याचे श्रम वाचतात.

वस्तुस्थिती: ओल्या सांध्यावर कोसळणारी सर मसाल्यातील सिमेंट धुऊन नेते, तर दोन सरींमधील वारा भिंत वाळवून टाकतो, दोन्ही हानिकारकच. म्हणून ताजे काम रात्री ताडपत्रीने झाकावे, निदान सात दिवस ते ओले राखावे, एका दिवसात सुमारे मीटरभराहून अधिक उंची चढवू नये, आणि सांधा सुमारे 10 मिलिमीटरचाच असू द्यावा. ओळंबा आणि सांधेमोड यांकडे मालकाने स्वतः लक्ष द्यावे. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर नेमका येत असेल, तर त्याच क्षणी काम थांबवून सांगावे.

गैरसमज: लोणा म्हणजे रंगाचा दोष, तैलरंग दिला की तो जातो.

वस्तुस्थिती: लोणा हा रोग नव्हे, रोगाचे लक्षण होय. जमिनीतील किंवा विटेतील क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागाकडे येतात आणि पाणी उडून जाताच मागे उरतात. भिंत पाण्याने धुतली तर तेच क्षार पुन्हा विरघळून आत शिरतात. म्हणून कोरड्या कुंच्याने ते झाडून काढावेत आणि मग ओलीचा उगम शोधावा. जोत्यावर ओल रोखणारा थर आहे काय, पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी साचते काय, अंगणातील माती जोत्याच्या वर चढली आहे काय, हे पाहावे. पूर्वीच्या लोकांनी वळचण लांब काढली आणि भिंतीभोवती पडवी ठेवली, ती याच अनुभवातून.

गैरसमज: गवंडी गावचाच आहे, लिखापढी कशाला?

वस्तुस्थिती: तोंडी करारही कायद्याने करारच असतो, परंतु वाद उपस्थित झाल्यावर तो सिद्ध करणे कठीण जाते, आणि बहुतेक वाद अप्रामाणिकपणातून नव्हे, संदिग्धतेतून उत्पन्न होतात. ‘ब्रास’ हा शब्दच घ्या. वीटकामात ब्रास म्हणजे 100 घनफूट, गिलाव्यात मात्र 100 चौरस फूट. वीस फूट लांब, दहा फूट उंच आणि नऊ इंच जाड भिंत म्हणजे दीड ब्रास वीटकाम, पण दोन्ही अंगांचा गिलावा चार ब्रास. त्यातून दारे-खिडक्यांचे क्षेत्र वजा करावयाचे की नाही, हे आधी ठरले नसेल तर शेवटच्या मोजणीला मने दुखावतात. म्हणून काम उक्ते की रोजंदारीवर, माल कोणाचा, मसाल्याचे प्रमाण काय, पाणी कोणी मारावयाचे, आणि जोते, लिंटेल, छत व गिलावा यांपैकी कोणत्या टप्प्याला किती रक्कम द्यावयाची, याचा तपशील करारनाम्यात उतरवावा. इसार दिल्याची पावती घ्यावी. आणि काही रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत परस्परसंमतीने राखून ठेवावी.

सर्वांत कमी दर सांगणाऱ्यास काम देण्यापूर्वी त्याने तीन-चार पावसाळ्यांपूर्वी बांधलेले घर पाहून यावे. नव्या भिंती साऱ्याच सुंदर दिसतात. कारागिराची खरी ओळख पाऊस सोसलेली भिंतच पटवून देते. आणि घेण्याबरोबर देण्याचेही भान असावे. ज्याने मागील वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केले आहे, अशा 18 ते 60 वर्षे वयाच्या कामगारास राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. आपल्या कामावरील गवंडी आणि बिगारी यांना ही गोष्ट सांगणे आणि कामाच्या दिवसांची नोंद लिहून देणे, हे मालकाचे कर्तव्यच मानले पाहिजे.

कानद खोऱ्यातील त्या घरमालकांनी पुढे उन्हाळ्यात गिलावा उतरवला, झडलेल्या विटा बदलल्या आणि चुन्याने दर्जा भरून घेतल्या. कामाचा तपशील त्यांनी आणि गवंड्याने एका वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या होत्या. भिंत पडते ती बहुधा विटेत नव्हे, सांध्यात. आणि मालक-गवंड्याचा व्यवहारही तेथेच तुटतो. दोन्ही ठिकाणी मसाला योग्य प्रमाणात घालावा लागतो, आणि तो पक्का होईपर्यंत धीर धरावा लागतो.