ऑफर माझी, वेटिंग त्याचं!

चाकणच्या एखाद्या कंपनीत डिझाइन किंवा क्वालिटीला असलेला, मोशी नाहीतर स्पाइन रोडला फ्लॅट घेऊन राहणारा कुणीही तरुण डोळ्यांसमोर आणा. दोन वर्षं शनिवार-रविवारी जपानीचे क्लास केले, एन थ्री सुटली आणि एका शुक्रवारी एचआरचा मेल आला, ‘नागोया, दोन वर्षं, जॉइनिंग सहा आठवड्यांत.’ पार्टी झाली, आईने देवापुढे साखर ठेवली, स्टेटसला जपानचा झेंडा लागला. रात्री घरी आल्यावर दारात शेपटी हलवत उभा असलेला मोत्या दिसला, तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, याचं काय?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात आता जपान, जर्मनी, ऑस्ट्रेलिया ही नावं कुणाला परकी वाटत नाहीत. व्हिसा, फॉरेक्स कार्ड, थंडीचे कपडे याबद्दल सांगणारे सीनियर ऑफिसात चिक्कार भेटतात. पण घरातल्या चार पायांच्या मेंबरला न्यायचं कसं, हे सांगणारं सहसा कुणी नसतं. कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो, कारण तुमच्या हातात सहा आठवडे असतात आणि त्याला लागतात सात महिने.

सात महिने कशाला, तर त्यामागे रेबीज आहे. जपानने १९५० साली रेबीजविरुद्ध कायदा केला आणि १९५७नंतर तिथल्या प्राण्यांमध्ये हा रोग सापडलेला नाही. आपल्याकडे तो अजून आहे. जगभरात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजने दगावतात असा अंदाज आहे आणि त्यात भारताचा वाटा मोठा आहे. शिवाय रेबीज शरीरात शिरला तरी लक्षणं दिसायला कधी कधी काही महिने लागतात. वरून ठणठणीत दिसणारा कुत्रा खरंच निरोगी आहे का, हे बघायला वेळ जाऊ देणं हाच उपाय. म्हणून जपानने ठरवलंय, १८० दिवस थांबा.

आता हिशेब समजून घ्या, कारण सगळा खेळ क्रमाचा आहे. सगळ्यात आधी मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप आंतरराष्ट्रीय मानकाची असावी लागते आणि ती मानेजवळ कातडीखाली बसवतात. त्यानंतर रेबीजची पहिली लस. पिल्लू असेल तर त्याला ९१ दिवस पूर्ण झालेले हवेत. मग किमान ३० दिवसांनी दुसरी लस. मग रक्ताचा नमुना, तोही जपानने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचा. रक्तात रेबीजविरोधी प्रतिपिंडं दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त निघाली की पास. आणि रक्त ज्या दिवशी काढलं, त्या दिवसापासून १८० दिवसांची वाट.

समजा, १ जानेवारीला चिप आणि पहिली लस झाली. दुसरी लस ३१ जानेवारीला, रक्तही त्याच दिवशी काढलं. तर मोत्या जपानात लवकरात लवकर पोहोचू शकतो ३० जुलैला. त्यातही पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी, म्हणजे २० जूनपर्यंत, तिथल्या पशु क्वारंटाइन विभागाला आगाऊ कळवायचं. निघण्याच्या आधीच्या दहा दिवसांत डॉक्टरी तपासणी करायची आणि सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याचा दाखला घ्यायचा. पुणेकर-पिंपरीकरांना त्यासाठी साधारणपणे मुंबईचं केंद्र गाठावं लागतं.

हे सगळं जुळलं तर विमानतळावरची तपासणी १२ तासांच्या आत उरकते आणि मोत्या तुमच्यासोबत घरी. एखादी तारीख चुकली तर मात्र त्याला क्वारंटाइन केंद्रात ठेवून घेतात, जास्तीत जास्त १८० दिवस, आणि तिथला सांभाळाचा खर्चही तुमच्याच खिशातून.

बहुतेकांची गाडी अडते ती एकाच ठिकाणी. ‘आमच्या मोत्याला दरवर्षी लस देतो, कार्ड आहे ना!’ कार्ड असतं, चिप नसते. चिपच्या आधी दिलेली लस या हिशेबात धरतच नाहीत, कारण लस याच कुत्र्याला दिली याचा पुरावा कुठे? पाच वर्षं नेमाने लस दिलेला कुत्राही मग शून्यापासून सुरू करतो. दुसरी चूक म्हणजे बूस्टरची तारीख उलटणं. एक दिवस उशीर झाला तरी साखळी तुटते.

जपान कडक वाटत असेल तर ऑस्ट्रेलियाकडे बघा. भारतातून तिथे कुत्रा-मांजर थेट नेताच येत नाही, आधी ऑस्ट्रेलियाने मान्य केलेल्या एखाद्या तिसऱ्या देशातून जावं लागतं. पोहोचल्यावर मेलबर्नजवळ मिकलहॅम इथल्या सरकारी केंद्रात किमान दहा दिवस मुक्काम. नियम सगळ्यांना सारखा. २०१५मध्ये जॉनी डेप आणि अँबर हर्ड यांनी आपले दोन छोटे कुत्रे, पिस्टल आणि बू, खासगी विमानातून न सांगता तिथे नेले. कुत्रे परत न्या, नाहीतर त्यांना ठार करावं लागेल, असं मंत्र्यांनी जाहीरपणे सुनावलं. कुत्रे मुकाट परत गेले आणि पुढच्या वर्षी कोर्टाच्या प्रकरणात या जोडप्याला व्हिडिओवर माफी मागावी लागली. त्यामानाने जर्मनीला निघालेल्यांचं सोपं आहे. चिप, लस, लशीनंतर ३० दिवसांनी रक्त आणि मग तीन महिने थांबायचं. तिथे पोहोचल्यावर वेगळं क्वारंटाइन नाही.

कागदपत्रांइतकाच प्रश्न प्रवासाचा. पिंजरा असा हवा की त्यात कुत्र्याला उभं राहता, वळता आणि पसरता आलं पाहिजे. तो आदल्या आठवड्यात आणू नका. चार-पाच महिने आधी हॉलमध्ये ठेवा, रोजचं जेवण त्यातच द्या, म्हणजे त्याला ते आपलं घर वाटतं. गुंगीचं औषध देऊन पाठवणं धोक्याचं. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना श्वासाचा त्रास होतो, म्हणून अनेक विमान कंपन्या त्यांना घेतच नाहीत. वाटेत विमान बदलायचं असेल तर त्या देशाचेही नियम बघा. खर्च बहुतेक वेळा लाखांत जातो आणि कंपनीच्या रिलोकेशन पॅकेजमध्ये मोत्याचं नाव आहे का, हे सही करण्याआधी विचारायला लाजू नका. जपानात भाड्याची बरीच घरं पाळीव प्राण्यांना नाही म्हणतात, म्हणून घर शोधतानाच हे सांगायचं. राहायला गेल्यावर ३० दिवसांत पालिकेत कुत्र्याची नोंदणी आणि दरवर्षी रेबीजची लस हेही तिथे कायद्याने बंधनकारक आहे.

आणि एवढं सगळं करूनही एक प्रश्न उरतोच, न्यायचं का? तो अकरा-बारा वर्षांचा असेल, हृदयाचा त्रास असेल, तर इतका लांबचा प्रवास आणि परका मुलूख हे कुणासाठी, त्याच्यासाठी की आपल्यासाठी? गावाकडच्या अंगणात आई-बाबांसोबत तो जास्त सुखात राहणार असेल, तर त्याला ठेवून जाणं म्हणजे टाकून जाणं नव्हे. मात्र ते आई-बाबांना विचारून, त्यांच्या हातात डॉक्टरचा नंबर आणि दरमहा खर्चाचे पैसे देऊन. भोसरी नाहीतर निगडीच्या कोपऱ्यावर गळ्यात पट्टा असलेला आणि येणाऱ्या प्रत्येक बाइककडे बघत बसलेला कुत्रा दिसतो ना, त्याच्यावर ही वेळ कुणीतरी आणलेली असते.

म्हणून परदेशाचा विचार नुसता मनात असेल, क्लासचं पहिलं पुस्तक नुकतंच घेतलं असेल, तरी या महिन्यात मोत्याला डॉक्टरकडे न्या आणि चिप बसवून घ्या. मग लस, मग रक्त. तो तपासणीचा अहवाल जपानसाठी दोन वर्षं चालतो, वेळेवर लस देत राहिलात तर. ऑफर आली नाही तरी नुकसान काही नाही, उलट उद्या दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून तो पळाला, तर त्या चिपमुळे ओळख पटून तो परत मिळण्याची शक्यता वाढेल.

पासपोर्ट आपण नोकरी लागायच्या आधीच काढून ठेवतो. त्याच आठवड्यात त्याचाही काढायचा, एवढंच.