खावटीच्या दिवसांतली डाळ

दिवाळी जवळ आली की शहरांतल्या मंडळांना आणि कचेऱ्यांना गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्याची आठवण होते. तांदळाची पोती, बिस्किटांचे खोके, फराळाची पाकिटे भरून गाड्या निघतात. देणाऱ्याच्या मनाविषयी शंका घ्यायचे कारण नाही. शंका आहे ती निवडीविषयी. नागभीड-ब्रह्मपुरीकडून वैनगंगा ओलांडून आरमोरी-वडशाकडे गेले की दोन्ही काठांवर धानाच्या बांध्याच बांध्या. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड या लहानशा गावी दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ साली आपल्या धानात वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या हेरल्या. त्या जपून, निवडून, पुन्हा पेरून त्यांनी जे वाण उभे केले ते त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाच्या नावाने ‘एचएमटी’ म्हणून देशभर गेले. २०१८ साली दादाजी गेले, तांदूळ मात्र पुण्या-मुंबईच्या दुकानांत आजही त्याच नावाने विकला जातो. तोच तांदूळ शहरात विकत घेऊन दान म्हणून परत झाडीपट्टीत, म्हणजे याच धानपट्ट्यात, पाठवायचा, यात काहीतरी उलटे आहे. आपल्याला काय परवडते किंवा आपल्या घरी काय उरले आहे, यावरून अन्नदानाची निवड होऊ नये. घेणाऱ्याच्या ताटात काय येत नाही आणि कोणत्या महिन्यांत येत नाही, हे दोन प्रश्न आधी सोडवावेत. या दोन जिल्ह्यांपुरते माझे उत्तर सरळ आहे: डाळ, आणि तीही पावसाळ्याच्या तोंडावर.

धान्य जमवून गरजूंना देणाऱ्या अन्नपेढीची कल्पना आपल्याकडे नवी वाटते, पण ती तशी नाही. आधुनिक अर्थाने पहिली फूड बँक अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ साली काढली. आपल्याकडे केंद्र सरकारने १९९६-९७ मध्ये आदिवासी भागांसाठी ग्रामीण धान्य बँक योजना आणली. कुटुंबामागे एक क्विंटल धान्य गावातच साठवायचे, अडचणीत उचलायचे, सुगीला परत भरायचे. सणाला किंवा संकटात धान्य एकत्र करायची गावरीत तर कोणत्याही योजनेहून जुनी. इतिहास एवढा पुरे, कारण खरा विषय पोत्यात काय आहे हा आहे.

थोडा हिशेब मांडू. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला घरटी ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. पाच माणसांच्या प्राधान्य घरात महिन्याला २५ किलो धान्य आले, म्हणजे माणशी रोज १६७ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला २,००० उष्मांकांच्या ताटासाठी २५० ग्रॅम धान्य धरले आहे. म्हणजे कायदा दोन तृतीयांश भाग भरून काढतो आणि ज्याची थोडी तरी बांधी आहे त्याचा उरलेला भाग घरच्या धानातून निघतो. आता त्याच ताटातली डाळ पाहा. संस्थेच्या हिशेबात माणशी ८५ ग्रॅम डाळ-कडधान्य आहे. अंडी, मासे, मांस त्यातच धरलेले. पाच जणांना महिन्याला पावणेतेरा किलो. कायद्याने मिळणारी डाळ किती? शून्य. निम्मा वाटा मासळी-अंड्यांनी भरला असे मानले तरी सहा किलो डाळ कुठून तरी विकत आणावी लागते. खुद्द सरकारला हे कळत नाही असे नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्याने शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला तेव्हा त्या पिशवीत तांदूळ नव्हता; रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल होते.

तांदूळ आणि डाळ यांची जोडी केवळ चवीची नाही. तांदळात प्रथिन सात-आठ टक्के, डाळीत बावीस-चोवीस. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लायसिन नावाचे अमिनो आम्ल तांदळात तोकडे पडते, ते डाळीत मुबलक असते. डाळीत मेथिओनिन कमी पडते, ते तांदूळ पुरवतो. वरणभात, खिचडी यांमागचे शहाणपण प्रयोगशाळेने नंतर सिद्ध केले, एवढेच. झाडीपट्टीतल्या शेतकऱ्याने तेच शहाणपण शेतात बसवले आहे. बांधीत धान, धुऱ्यावर तूर. आणि धान कापणीला येण्याआधी, जमीन ओलसर असतानाच, उभ्या पिकात लाखोळीचे, म्हणजे लाख डाळीचे, बी फेकायचे. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. उरलेल्या ओलीवर हिवाळ्यात पीक उभे राहते, माणसांना दाणा आणि जनावरांना कुटार देते.

या लाखोळीपाशी जरा थांबायला हवे, कारण दानाची डाळ निवडताना तिच्याइतका उपयोगी धडा दुसरा नाही. तिच्यात एक विषारी अमिनो आम्ल असते आणि महिनोन्‌महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडतात. ‘त्रिपुट’ नावाने भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात हा दोष नोंदवलेला आहे. १८२९ नंतर आजच्या मध्य प्रदेशातल्या सागर भागात पिके बुडाली, माणसे हीच डाळ खाऊन राहिली आणि तरुण माणसे पांगळी झाली. ते ब्रिटिश अधिकारी कर्नल स्लीमनने लिहून ठेवले. रीवा संस्थानात मजुरी म्हणून हीच डाळ दिली जात असे, ती प्रथा १९०७ साली तिथल्या महाराजांनी बंद केली. स्वतंत्र भारतात १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. पूर्व विदर्भात ती पिकतच राहिली, खाल्लीही जात राहिली, आणि नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षे लढा दिल्यावर महाराष्ट्राने ती उठवली. कोठारींचा मुद्दा बिनतोड होता: भाताबरोबर, इतर भाज्यांबरोबर, वाटीभर खाणाऱ्याला लाखोळी बाधत नाही, भिजवून, उकळून, पाणी फेकले तर विषाचा बराचसा अंश जातो, शिवाय रतन, महातिवडा अशी कमी विषाची वाणेही आली आहेत. मग स्वस्त, स्थानिक, प्रथिनांनी भरलेली लाखोळीच दानात का देऊ नये? माझे मत विरुद्ध आहे, आणि त्याचे कारण याच इतिहासात आहे. लाखोळीने अपाय केला तो दर वेळी तिच्यावाचून दुसरे काही नसलेल्या माणसाला. शेतकऱ्याच्या घरी ती दहा जिनसांतली एक असते. दानाची डाळ ज्या घरी जाते तिथे तीच एकमेव डाळ असण्याचा संभव सर्वांत जास्त. पिकवणाऱ्याने खावी, बाजारात विकावी; दात्याने ती निवडू नये.

मग कोणती? इथे पोषणाइतकाच चुलीचा विचार हवा. राजमा, छोले, अख्खा हरभरा हे प्रेशर कुकर असलेल्या घराचे पदार्थ. श्रावणात ओल्या सरपणावर ते शिजवायचे म्हणजे बाईचा अर्धा दिवस गेला. मसुराची आणि मुगाची डाळ लवकर शिजते, लहान मुलांना आणि आजाऱ्याला पचते. तुरीला वेळ लागतो, पण वरण म्हटले की या भागाला तूरच आठवते. तेव्हा थोडी तूर हवीच. अख्ख्या मुगांना मोडही आणता येतात, पण डाळीपेक्षा भुंगा त्यांना लवकर धरतो, म्हणून ते नीट वाळवून हवाबंद पिशवीत द्यावेत. पाच-पाच किलोच्या पिशव्यांपेक्षा एकेक किलोच्या बऱ्या. एका पिशवीत ओल शिरली तरी सगळे जात नाही.

बाकीच्या जिनसा थोडक्यात. तेल सीलबंदच द्यावे. सुटे तेल विकायला कायद्याने मनाई आहे, आणि १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याची भेसळ होऊन माणसे दगावली ते विसरण्यासारखे नाही. मोहटोळीचे तेल गावात निघते, पण वर्षभर पुरत नाही. जंगल मोह देते, चारोळी देते, कंद आणि रानभाज्या देते. मीठ देत नाही. म्हणून आयोडीनयुक्त मीठ, तिखट, हळद, गूळ आणि शेंगदाणे यांना पिशवीत हक्काची जागा आहे. सुकट-बोंबलाचा शाकाहारी दात्यांना संकोच वाटतो, तरी आठवडी बाजारात ती आवडीने विकत घेतली जाते, आणि वजनाला इतके प्रथिन फार थोड्या जिनसांत असते. शासनाच्या अमृत आहार योजनेत मुलांसाठी अंडी आहेत. दात्याला त्याहून सोवळे राहण्याचे कारण नाही. एक वस्तू मात्र कटाक्षाने टाळावी: तान्ह्या बाळांसाठीची दूध-पावडर आणि बाटली. १९९२ च्या कायद्याने ती दान म्हणून वाटणे, अनाथालयाचा अपवाद सोडता, गुन्हाच आहे. जिथे उकळलेले पाणी आणि स्वच्छ बाटली यांची खात्री नाही तिथे ती पावडर आईच्या दुधाची जागा घेते आणि हगवण आणते.

राहिला महिन्यांचा प्रश्न, आणि दिवाळीच्या दात्याची खरी चूक इथे आहे. दिवाळीत हलके धान कापले जात असते, नवे घरात येऊ लागलेले असते. टंचाई असते ती ज्येष्ठ ते भाद्रपद. जुने धान संपलेले, तेंदूपानांची मजुरी खर्च झालेली, रोवणीचे कष्ट अंगावर, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. या दिवसांना आपल्या सरकारी भाषेतही एक अस्सल शब्द आहे: खावटी. पावसाळ्यात आदिवासी घरांची उपासमार होऊ नये, त्यांना सावकाराकडे जावे लागू नये म्हणून १९७८ पासून खावटी कर्ज दिले जाई. कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, त्याचे अनुदान झाले: कुटुंबाला ४,००० रुपये, निम्मे रोख आणि निम्म्याच्या वस्तू. त्या वस्तूंची यादी कोणत्याही दात्याने भिंतीवर लावावी अशी आहे: मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, उडीदडाळ, तूरडाळ, साखर, शेंगदाणा तेल, तिखट, गरम मसाला, मीठ, चहा. तांदूळ नाही, कारण तो रेशनवर येतो हे यादी करणाऱ्याला ठाऊक होते. हरभरा-वाटाणा शिजायला वेळ घेतात एवढे सोडले तर निवड उत्तम, वेळ मात्र चुकली. पिशव्या घरोघर पोचेपर्यंत २०२१ उजाडले.

यावर आक्षेप येतील. पहिला रोख रकमेचा: पैसे द्या, ज्याला जे हवे ते तो घेईल. उन्हाळ्यात, आठवडी बाजार भरत असताना, हा आक्षेप मला मान्य आहे. किंबहुना तेव्हा रोखच द्यावी. पण नाल्याला पूर असताना खिशातली नोट शिजवता येत नाही. म्हणून तर प्रशासन तुटणाऱ्या गावांचे रेशन पावसाळ्याआधीच पोचवते. डाळीला तोच न्याय लावावा. दुसरा आक्षेप असा की जंगलात मासे, खेकडे, लाल मुंग्यांची चटणी असते, मग प्रथिनांची ओरड कशाला? असते, आणि माडिया आदिवासींच्या स्वयंपाकाचे ते वैभवच आहे. पण ते ज्याला रानात जाता येते त्याचे. दिवस भरत आलेल्या बाईला, म्हाताऱ्याला, रोवणीला सकाळी गेलेल्या मजुराला ते रोज कसे मिळणार? तिसरा आक्षेप कुणी उघड बोलत नाही: धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात, मिळेल ते घ्यावे. त्याला उत्तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने कधीच दिले आहे. या गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, आणि तिथे निर्णय होतो तो ग्रामसभेत, सर्वांच्या सहमतीने. जे गाव आपल्या बांबूचा हिशेब स्वतः ठेवते त्याला आपल्या कोठीत काय कमी आहे हे सांगता येते. ते विचारण्याची तसदी घ्यायला हवी दात्याने.

तेव्हा या दिवाळीत मंडळाची वर्गणी गोळा करा, पण गाडी काढू नका. पैसे बँकेत ठेवा आणि गावाच्या ग्रामसभेला विचारून यादी करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी तूर बाजारात येते तेव्हा डाळ घ्या, जमल्यास तिथल्याच महिला बचत गटांकडून. मृग लागतो ७ जूनच्या सुमारास. डाळ मे अखेरपर्यंत गावात पोचली पाहिजे.