स्तनातील गाठ : दुखत नाही म्हणून दुर्लक्ष नको

कोल्हापुरातील राजारामपुरीच्या गल्ल्यांमध्ये दवाखाने आणि रुग्णालये जवळजवळ आहेत. तरीही स्तनात गाठ लागल्यावर डॉक्टरांच्या दारापर्यंत पोहोचण्यास अनेक स्त्रियांना महिने लागतात. त्यामागे संकोच असतो, कर्करोगाची धास्ती असते आणि 'दुखत नाही, म्हणजे काही नसेल' हा घातक समजही असतो.

वास्तविक स्तनातील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. तरुण मुलींमध्ये बोटाखालून सटकणारी, गुळगुळीत, रबरासारखी गाठ बहुधा 'फायब्रोअ‍ॅडिनोमा' असते. निदान पक्के झाले आणि गाठ लहान असली, तर केवळ लक्ष ठेवणे पुरते. ती वाढू लागल्यास काढावी लागते. तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान पाळीपूर्वी दोन्ही स्तन जड होणे, दुखणे, हाताला गाठीगाठी लागणे हा बहुधा संप्रेरकांच्या चढउताराचा परिणाम असतो. पाण्याची गाठ त्रास देत असल्यास सुईने रिकामी करता येते.

अंगावर पाजणाऱ्या मातेचा स्तन लाल होऊन दुखू लागला व ताप आला, तर जंतुसंसर्गाची शक्यता असते. अशा वेळी पाजणे सहसा थांबवावे लागत नाही. औषधे घ्यावी लागतात आणि पू झाल्यास तो काढावा लागतो. उपचारानंतरही लाली ओसरली नाही, तर पुढील तपासण्या आवश्यक ठरतात. कारण कर्करोगाचा एक दुर्मीळ प्रकार असाच दिसतो.

धोक्याची लक्षणे

कर्करोगाची गाठ बहुधा टणक, ओबडधोबड आणि सुरुवातीस न दुखणारी असते. त्वचेवर खळी पडणे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यातून आपोआप रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत गाठ लागणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब करू नये. पुरुषांनाही हा रोग क्वचित होतो.

मात्र केवळ हाताच्या स्पर्शावरून निर्णय होत नाही. त्यासाठी तिहेरी तपासणी लागते: डॉक्टरांकडून तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी आणि गरजेनुसार सुईने तुकडा घेऊन त्याची चाचणी. तरुण वयात स्तनाच्या ऊती दाट असल्याने सोनोग्राफी अधिक उपयोगी पडते. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, ही भीती निराधार आहे. लेप लावणे किंवा मालिश करणे यांत मात्र मोलाचा वेळ जातो.

मुंबईतील अभ्यास

वेळेवर तपासणीचे महत्त्व टाटा स्मारक रुग्णालयाच्या अभ्यासाने दाखवून दिले. 1998 मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात मुंबईतील 35 ते 64 वयोगटातील सुमारे दीड लाख स्त्रियांचा समावेश होता. त्यांतील निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, चार वेळा, केवळ हाताने केली. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तपासणी झालेल्या गटात रोग तुलनेने आधीच्या टप्प्यात सापडला. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. त्याहून कमी वयाच्या स्त्रियांमध्ये मात्र अशी घट दिसली नाही.

रोग लवकर सापडल्यास पूर्ण स्तन काढावा लागतोच असे नाही. गाठ काढून किरणोपचार दिल्यासही आयुर्मान तितकेच राहते, हे 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वीस वर्षांच्या दोन पाहण्यांतून सिद्ध झाले आहे. रोगाच्या प्रकारानुसार केमोथेरपी किंवा संप्रेरकविरोधी गोळ्याही दिल्या जातात. खर्चाच्या चिंतेने थांबण्याचे कारण नाही. कोल्हापूरकरांसाठी सीपीआर रुग्णालयाचा शल्यचिकित्सा विभाग आहे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे.

गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे घरी बसून ठरवता येत नाही. तपासणीनंतर बहुतेक स्त्रिया निश्चिंत होऊन घरी परततात. उरलेल्यांना त्याच तपासणीमुळे वेळेत उपचार मिळतात.