झील एकत्रच हवी

नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना १८९३ साली आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने बायबल दिलं आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो लोहमार्ग भंडारा जिल्ह्यातून, वरठीवरून जातो. त्याच वरठीत, रुळांपासून हाकेच्या अंतरावरच्या एका घरात टिळकांच्या भजनांचा अल्बम आकाराला येतो आहे.

पंखा बंद, खिडक्यांना गोधड्या. पेटीवाला काळी एक धरतो, ढोलकवाला दोरीतल्या कड्या सरकवून सूर जुळवतो. मालगाडी आली की सगळे हात थांबतात. "गाडी जाऊ द्या, मंग घेऊ," असं कुणीतरी म्हणतं.

नजर मात्र पुनःपुन्हा खंजिरीवाल्याकडे जाते. साठी ओलांडलेला हा धान उत्पादक शेतकरी. पावसाळी हवेत खंजिरीचं कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. मग तो मागच्या दाराने चुलीपाशी जातो, कातडं शेकतो, टिचकी मारून कान देतो आणि पुन्हा शेकतो. परत येताना त्याच्यासोबत धुराचा आणि तापल्या चामड्याचा वास खोलीत शिरतो.

"टिळकांची गाणी अडीचशेच्या वर," तो सांगतो. "आमी गातो बारा."

ती बारा टिकली, याचं श्रेय रचनेला द्यायला हवं. मिशनच्या सुरुवातीच्या काळातली बरीच मराठी गीतं इंग्रजी चालींच्या मापाने बेतलेली होती. ऱ्हस्व-दीर्घांची त्यात ओढाताण होई. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं आणि पुढे टिळकांनी अभंग-ओवीला उपासनेत हक्काची जागा दिली. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची भावना होती. मोठ्या अभंगात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चौथा चार अक्षरांचा. त्या आखूड चौथ्या चरणानंतर श्वास घ्यायला आणि मागच्यांना झील उचलायला आपसूक जागा मिळते. वाचता न येणारा माणूसही दुसऱ्याच कडव्याला सामील होतो.

इथला ढोलकवाला दिवाळीनंतरच्या मंडईत खडी गंमतीच्या फडात वाजवतो आणि रविवारी चर्चमध्ये. हात तेच, थापही तीच. झाडीपट्टीत यात कुणाला वावगं वाटत नाही आणि वाटूही नये.

अडचण आली ती रेकॉर्डिंगच्या पद्धतीची. नागपूरहून आलेला तरुण आपल्या कामात वाकबगार आहे. आधी मुख्य आवाज, मग ढोलक, झील शेवटी, असं सगळं वेगवेगळं घ्यायचं आणि लय कानातल्या क्लिकवर बांधायची, ही त्याची रीत. तसं एक भजन घेतलंही. चूक काढायला जागा नव्हती. पण ऐकताना खंजिरीवाल्याने मान हलवली. एकेकट्याने कानाला हेडफोन लावून म्हटलेल्या झिलीत समोरच्याला दिलेलं उत्तरच नव्हतं. भजनाची लय चढत जाते, धावते. क्लिक तिला जागचं हलू देत नाही. स्वच्छ आवाजासाठी एवढं मोल देणं महागच.

त्या तरुणाने दोन माइक खोलीच्या मधोमध लावले, क्लिक बंद केला आणि सगळ्यांना गोल बसवलं. त्याच अभंगाची लय शेवटच्या ध्रुपदाला जवळपास दुप्पट झाली. ढोलकवाल्याने खडी गंमतीतली तिहाई मारली, मागच्या दोन मावश्या अर्धा सूर वर गेल्या. त्याने तोच टेक ठेवला.

अकरा भजनं ठरली आहेत. बाराव्यावर अजून एकमत नाही. पेटीवाल्याला सगळ्यांच्या तोंडी असलेलं हवं आहे. खंजिरीवाला उपासनेचं जुनं पुस्तक घेऊन बसला आहे. त्या अडीचशेंतलं वरठीत कुणी कधी न गायलेलं एक तरी अल्बमात जावं, असा त्याचा हट्ट आहे.