कच्च्या टाक्यांचा कोट

मास्तरांनी माझ्या अंगावर कोट चढवला तेव्हा त्याला एकच बाही होती. खिसे नव्हते. कॉलरच्या जागी राखाडी कॅनव्हासची नुसती पट्टी, आणि छाती-पाठीवरून पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब टाके. आरशात शेतातलं बुजगावणं उभं होतं. मास्तर दोन पावलं मागं सरले, मान तिरपी करून बघत राहिले आणि म्हणाले, "आता पोट सोडा भाऊ. आत घेऊन किती घडी उभे राहान? लग्न चार घंट्याचं हाये."

मी पोट सोडलं. कच्चे टाके करकरले. मास्तरांच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं, कारण त्यांना हवं होतं ते खरं माप आता कुठं समोर आलं होतं.

भाच्याचं लग्न चिखलदऱ्याला, डिसेंबरात. अमरावती-अकोल्याकडच्या माणसाला सुटाचं वावडं असतं ते उगाच नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या मुलखात मे महिन्यातल्या मांडवात सूट घालून उभा असलेला नवरदेव पाहिला की त्याच्यासाठी आधी पाण्याचा ग्लास शोधावासा वाटतो. पण चिखलदऱ्याची गोष्ट निराळी. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, सुमारे 1,100 मीटरवर वसलेलं हे गाव. विदर्भातली कॉफी पिकते ती इथं. हिवाळ्यात संध्याकाळी देवी पॉइंटकडून वारा सुटला की स्वेटरवाला आणि शालवाला दोघंही शेकोटी शोधतात. लोकरीचा कोट शोभेसाठी न घालता ऊब म्हणून घालावा, अशी वऱ्हाडातली ही जवळपास एकमेव जागा. म्हणून ठरलं, मामानं सूट शिवायचा. तोही तयार आणलेला नाही, मापाचा. कापड घ्यायला आणि शिवायला घाट उतरून परतवाड्याला यायचं.

मापाचा सूट म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यावं. दुकानात टांगलेला सूट कुणाच्याच अंगाचा नसतो, तो एका ठरीव आकड्याचा असतो. दुसरा प्रकार म्हणजे ठरीव नमुना घेऊन त्यात तुमच्या मापाप्रमाणे कमी-जास्त करायचं. तिसऱ्या प्रकारात तुमच्यासाठी कागदावर वेगळा नमुना निघतो, कापड कच्च्या टाक्यांनी जोडलं जातं, अंगावर चढवलं जातं, उसवलं जातं, पुन्हा जोडलं जातं. इंग्रजीत याला बिस्पोक म्हणतात. मूळ अर्थ असा की ताग्यातलं हे कापड अमुक गिऱ्हाइकानं सांगून ठेवलंय, ते आता दुसऱ्याला मिळायचं नाही. लंडनच्या सॅव्हिल रो या गल्लीनं हा शब्द जगभर नेला. तिथल्या शिंप्यांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे अशा एका सुटामागे किमान 50 तासांचं हातकाम लागतं. परतवाड्यात तास कुणी मोजत नाही, पण कच्ची ट्रायल घेणारा मास्तर अजून भेटतो. तो भेटला तर समजायचं की आपण तिसऱ्या प्रकारात आलो.

आता तयारी. ती मास्तराच्या दुकानात नव्हे, आपल्या घरातल्या कपाटापाशी सुरू होते.

सुटावर जे जोडे घालणार, तेच घालून ट्रायलला जायचं. हे मला ठेच लागून कळलं. नोकरीच्या मुलाखतीसाठी मी पहिला सूट शिवला, तेव्हा ट्रायलला चपला घालून गेलो. पँटची उंची चपलेवर अगदी बेतशीर आली. मुलाखतीच्या दिवशी टाचेचे बूट चढवले आणि पँट वर सरकून पायमोजे सगळ्यांना दिसू लागले. चूक शिवणाऱ्याची नव्हती. त्यानं समोर होतं त्याचं माप घेतलं.

जोड्यांचा विषय निघालाच आहे, तर चिखलदऱ्याच्या शेजारचा गाविलगड आठवतो. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला. किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मारला गेला, आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांनी देवगावचा तह केला. हाच वेलस्ली पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. लंडनला सेंट जेम्स स्ट्रीटवर हॉबी नावाचा त्याचा मोची होता. त्याच्याकडून त्यानं त्या काळचे गोंडेवाले उंच बूट बदलून घेतले: गोंडे काढले, कातडं मऊ घेतलं, पोटरीला बसेल असं कापलं. ते बूट वेलिंग्टन या नावानं जगभर गेले. आज पावसात घालायच्या रबरी गमबुटांनाही इंग्रज तेच नाव देतात. किल्ले घेणारा सेनापतीसुद्धा मोच्यासमोर पाय पुढं करून उभा राहिला आणि काय खुपतं ते त्यानं स्पष्ट सांगितलं. ट्रायलला जाताना एवढी शिकवण पुरे.

जोड्यांनंतर सदरा. आत जो शर्ट घालणार तोच घालून जावं, कारण कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरवर बसते आणि कोटाच्या बाहीतून शर्टाची कड अर्धा इंच दिसायला हवी. टीशर्ट घालून गेलात तर मास्तर अंदाजानं काम करणार. मग खिसे. रोज जे खिशात असतं ते घेऊन जायचं: मोबाइल, पाकीट, चष्म्याचं घर. कुठल्या खिशात काय ठेवता ते मास्तरांना दाखवायचं. मोबाइल आता एवढे मोठे झालेत की आतला खिसा जुन्या मापानं कापला तर छाती एका बाजूनं फुगते. आणि जेवून जायचं. पोटभर नाही, पण उपाशीही नाही.

कापडाचा निर्णय ट्रायलच्या कितीतरी आधी झालेला असतो. दोन भागांच्या सुटाला मोठ्या पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड लागतं. जाकीट हवं असेल तर थोडं आणखी. दुकानदार ताग्याच्या काठावरचं "सुपर 100", "सुपर 120" दाखवतो. हा आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा. 100 म्हणजे तंतू सुमारे 18.75 मायक्रॉनचा, 120 म्हणजे 17.75. आकडा वाढला की कापड मऊ होतं आणि नाजूकही. वर्षातून चारदा घालायच्या सुटाला 120 ठीक; रोज मोटारसायकलवर कोर्टात जाणाऱ्या वकिलाला 100 बरं. पूर्ण लोकर परवडत नसेल तर टेरीवूल घ्यावं, त्यात कमीपणा नाही. फक्त एक करावं. मूठभर कापड दहा सेकंद दाबून धरायचं आणि सोडायचं. चुरगळ लगेच निघाली तर कापड जिवंत आहे.

कापडापेक्षा महत्त्वाचं असतं ते आतलं, न दिसणारं. कोटाच्या पुढच्या भागाला आकार देतं ते अस्तराआडचं कॅनव्हास. जुन्या पद्धतीत त्यात घोड्याच्या केसांचं कापड असतं, ते हातानं टाचलं जातं, आणि वापरता वापरता ते छातीचा आकार धरतं. सोपी पद्धत म्हणजे इस्त्रीनं चिकटवायचं बकरम. त्यात वेळ वाचतो, पैसा वाचतो, पण ड्रायक्लीनच्या काही फेऱ्यांनंतर डिंक सुटला की छातीवर फोड आल्यासारखे बुडबुडे उठतात. ओळखायची खूण सोपी आहे. खालच्या काजाजवळ वरचं कापड आणि आतलं अस्तर दोन चिमटींत धरून वेगळं करावं. मध्ये तिसरा थर सुटा जाणवला तर कॅनव्हास, नाही जाणवला तर बकरम. मास्तरांना आधीच विचारावं. त्यांना राग येत नाही. उलट गिऱ्हाईक जाणतं आहे म्हणून हात जरा सावध चालतो.

माप घेण्याचं काम मी पहिल्यांदाच लक्ष देऊन पाहिलं. टेप गळ्यात, पेन्सिल कानाला, आणि शेजारी मापाची वही धरून उभा असलेला मुलगा. मास्तर आकडे बोलत, मुलगा लिही. तीरा, पाठ, छाती, मुंढा, कंबर, सीट. सगळं इंचांत. शाळेत सेंटिमीटर शिकवून दोन पिढ्या झाल्या, पण शिंप्याच्या वहीत इंचच राहिला. आकड्यांच्या मध्ये मास्तर काही खुणाही लिहायला सांगत होते. "उजवा खांदा उतरता." "मान पुढं." हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. वीस वर्षं उजव्या खांद्यावर बॅग लटकवल्यानं तो अर्ध्या इंचानं खाली आला होता. मला ठाऊक नव्हतं, टेपला कळलं.

म्हणूनच कच्ची ट्रायल. टेप लांबी-रुंदी मोजते, तुम्ही उभे कसे राहता ते मोजत नाही. ते कापड अंगावर आल्यावर दिसतं. आणि म्हणूनच तो कोट चुकीचा बसतो, बसायलाच हवा. तो दाखवायचा कोट नसतो, चुका पकडायचा असतो. आरशात पाहून "वा, छान" म्हणून निघून येणारं गिऱ्हाईक आपलंच नुकसान करतं.

पाहायचा क्रम मास्तरांनीच शिकवला. आधी खांदा, कारण कोट लटकतो तो खांद्यावर. शिवण जिथं संपते तिथंच हाड संपायला हवं. बाहीच्या वरच्या टोकाखाली खड्डा पडला तर खांदा मोठा झालाय. मग मान. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून हवी. मध्ये फट दिसली तर पाठीचा तोल बिघडलाय. मग बाजूनं पाहायचं, म्हणजे दुसऱ्याला पाहायला सांगायचं. पुढची कड वर उचललेली दिसली तर पुढची लांबी कमी पडतेय. छाती काढून चालणाऱ्यांचं हे होतं, आणि पोक काढणाऱ्यांची पाठ वर खेचली जाते. मग बटण. लावल्यावर पोटावर फुलीसारख्या रेघा आल्या तर घट्ट. शेवटी बाही आणि पँट. नेमकी आपण आधी बाही पाहतो आणि खांदा विसरतो. बाही नंतर दुरुस्त होते, खांदा होत नाही. तयार कोटाचा खांदा उघडणं म्हणजे भिंती उभ्या झाल्यावर पाया खणणं.

पाहून झालं की हालचाल करायची. खुर्चीवर बसायचं, हात पुढं करून मोटारसायकलचं हँडल धरल्यासारखं करायचं, अक्षता टाकायला हात उचलायचा. मी अक्षता टाकल्या आणि सगळा कोट बाहीबरोबर वर आला. मास्तर हसले नाहीत. "मुंढा खाली गेला," म्हणाले. मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, मोठा ठेवला तर हात मोकळा हलेल असं आपल्याला वाटतं. खरं उलट आहे. मुंढा काखेजवळ हवा, तरच हात एकटा हलतो. त्यांनी खडूनं एक वळसा काढला, दोन टाचण्या खोवल्या, पांढरा दोरा ओढला. एका क्षणात बाही त्यांच्या हातात होती आणि मी बंडीत उभा होतो.

या कामाचं महाराष्ट्राशी जुनं नातं आहे. संत नामदेव शिंपी कुळातले. गुरू ग्रंथसाहेबात त्यांची 61 पदं आहेत, आणि त्यांतल्या एकात गज आणि कात्री ही शिंप्याची हत्यारं भक्तीच्या कामाला लावलेली आहेत. कापडावरून माणसाला जोखणारा आपला समाज त्याच माणसाला कापडानं सन्मानही देत आला. अमरावती जिल्ह्यात शेंडगावला 1876 साली जन्मलेले गाडगेबाबा चिंध्यांची गोधडी पांघरून हिंडले. माणूस कपड्यानं मोजू नका, हे ते अंगावर वागवत होते. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका उलटा मार्ग घेतला. ज्यांच्या पूर्वजांना चांगलं नेसायची मोकळीक नव्हती, त्यांच्यासाठी बाबासाहेबांचा सूट हाच एक जाहीरनामा झाला. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात त्यांचे कोट आजही जपून ठेवलेले आहेत, त्यांच्या टाइपरायटरसोबत. दोघंही 1956 च्या डिसेंबरात गेले, चौदा दिवसांच्या अंतरानं. एकाची गोधडी आणि दुसऱ्याचा सूट, वऱ्हाडातल्या घराघरांत दोन्ही तसबिरी शेजारी शेजारी टांगलेल्या दिसतात आणि कुणाला त्यात विसंगती वाटत नाही. विदर्भातल्या खेड्यातला मुलगा लग्नासाठी कर्ज काढून सूट शिवतो तेव्हा त्याला नुसती हौस म्हणून सोडून देता येत नाही.

दुसरी ट्रायल आठ दिवसांनी झाली. आता दोन्ही बाह्या होत्या, कॉलर होती, खिशाच्या जागा कापलेल्या होत्या. अक्षता टाकून पाहिल्या. कोट जागचा हलला नाही. लग्नसराईत याच आठ दिवसांचे वीस होतात, म्हणून तुळशीचं लग्न लागायच्या आधीच माप देऊन मोकळं व्हावं. शेवटचे काज हातानं होतात आणि हात दोनच असतात.

निघताना मास्तरांनी कोट उलटा करून आतली शिवण दाखवली. पाठीच्या मध्यावर आणि दोन्ही बाजूंना कापड दुमडून ठेवलं होतं. शिवणीत जास्तीचं ठेवलेलं हे कापड म्हणजे माया. तयार कपड्यात ती फारशी नसते, कारण कारखान्याला कापड वाचवायचं असतं. मापाच्या कोटाचे जास्त पैसे मोजतो त्यांत तिचाही वाटा असतो. माणूस तसाच राहत नाही, हे धरून चालणारा कोट तेवढाच मापाचा.

"किती ठेवली?" मी विचारलं.

"दीड इंच," मास्तर माझ्या पोटाकडे बघत म्हणाले. "भाचीच्या लग्नालेही पुरन. त्याच्या पुढं मात्र तुमी पाहजा."