विद्यापीठांनी कोणाचे ऐकावे?

आपली विद्यापीठे काळाबरोबर चालत नाहीत, हा आक्षेप आता इतका रुळला आहे की तो घेणाऱ्यास विचार करावा लागत नाही आणि ऐकणाऱ्यास लाज वाटत नाही. जग बदलले म्हणजे विद्यापीठानेही बदलावे, हे सर्वांस मान्य आहे. परंतु बाहेरच्या जगाकडून नेमके काय घ्यावयाचे आणि ते कोणी ठरवावयाचे, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवावयाचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घ्यावयाची विद्यापीठाने, अशी ती वाटणी होती. पुढे १८९८ च्या कायद्याने लंडनने आपली घडण बदलली व अध्यापनाचे काम अंगावर घेतले. मुंबईतही १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्याकडे समाजशास्त्राचा विभाग सोपविण्यात आला व हळूहळू इतर विभाग उभे राहिले. परंतु संलग्न महाविद्यालयांपुरती ती जुनी वाटणी अद्याप पुष्कळशी कायम आहे. नमुना देणारा बदलला. नमुना घेणारा मात्र त्यालाच चिकटून राहिला!

याच विद्यापीठाने एकदा शहराची हाक ऐकली होती, हेही सांगितले पाहिजे. १९३३ साली त्याने रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग काढला. मुंबई तेव्हा कापडगिरण्यांची नगरी होती. म्हणून वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी या विषयांनी आरंभ झाला. परंतु गिरणीला कारागीर पुरविणे एवढ्यावर विभागाने समाधान मानले नाही. त्याने मूळ शास्त्र पक्के शिकविले. रंग, तेले, औषधे, अन्नप्रक्रिया अशा शाखा जोडल्या. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, पण हा विभाग बुडाला नाही. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्यासारखे शास्त्रज्ञ घडविणारी ही संस्था २००८ साली अभिमत विद्यापीठ झाली. गरज शहराची, पण शिस्त शास्त्राची, हे तिच्या यशाचे मर्म होय.

आजचे बदल त्याहून वेगवान आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने श्रेयांक, चार वर्षांची पदवी आणि संलग्नता क्रमाने संपवून महाविद्यालयांना स्वायत्तता, असा मोठा पट मांडला आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरल्यापासून घरून लिहून आणलेल्या निबंधावरून विद्यार्थ्याची पारख करणे कठीण झाले आहे. अर्थात, एकमेकांच्या वह्या उतरवून ‘जर्नल’ पुरी करण्याची परंपरा आपल्याकडे जुनीच आहे. यंत्राने तिचे पितळ उघडे पाडले, इतकेच.

या बदलांना आपण उत्तर देतो ते बहुधा परिपत्रकाने. अभ्यासक्रमास नवे नाव मिळते, पण तो शिकवावयाचा असतो तासिका तत्त्वावर नेमलेल्या आणि पुढील वर्षी आपण येथे असू की नाही हेही ठाऊक नसलेल्या अध्यापकाने. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ही गत आहे. ज्याच्या पायाखालची जमीन स्थिर नाही, त्याने विद्यार्थ्यांस बदलत्या जगात उभे राहावयास कसे शिकवावे?

यास्तव आमचे मागणे साधे आहे. रिक्त जागा कायम स्वरूपात भरा. शिकविणाऱ्यालाच प्रश्नपत्रिका काढण्याचा व विद्यार्थ्यास समोर बसवून तोंडी तपासण्याचा अधिकार द्या. अभ्यासमंडळांत कारखानदार, शेतकरी, परिचारिका व शाळाशिक्षक यांचे म्हणणे ऐका. निर्णय मात्र विषय जाणणाऱ्यांकडे ठेवा. स्वायत्तता द्यावयाची ती पैशासह द्या. एरव्ही तिचा अर्थ शुल्कवाढ एवढाच उरेल आणि तिचा भार गरीब घरच्या मुलामुलींवर पडेल.

विद्यापीठाने बाजाराचे ऐकावे, शासनाचेही ऐकावे. परंतु बदलाचा आरंभ वर्गात व्हावयास हवा. तो तेथवर पोहोचला नाही, तर धोरणे कितीही आली तरी कागदावरच राहतील.